टाकीवरचं नाव

“आत पाणी फिरतंय ना हिच्या? मग ह्या फिन कशाला ठेवल्यात?”

नाना पेठेतल्या बोळात वस्ताद उकिडवे बसले होते. इंजिनावरच्या आडव्या पट्ट्यांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जशी काही गाडी मीच बनवलीय. गाडी त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलाची होती. लाल-चंदेरी टाकी, गोल दिवा, तारांच्या आऱ्यांची चाकं आणि टाकीवर बीएसए. खाली नाव, गोल्ड स्टार.

प्रश्न बरोबर होता. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला फिन लागतात. धातूची पट्टी जितकी पसरट, तितकी वाऱ्याला उष्णता ओढून न्यायला जागा जास्त. ही गाडी पाण्यावर थंड होते. वस्तादांनी मान वाकडी करून चेसिसच्या पुढच्या दोन नळ्यांच्या मध्ये बघितलं. रेडिएटर तिथे होता, काळा, अंग चोरून उभा. “लपवलाय,” ते म्हणाले, आणि सापडल्याचा त्यांना आनंद झाला.

यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी कळवला तो ‘परत आलेले’. त्यांच्या डोळ्यांपुढे संगीत नाटक, भरडधान्यं, हातमाग असं काहीबाही असावं. मी मोटारसायकल म्हटलं तेव्हा फोनवर जरा शांतता पसरली. मग म्हणाले, “बघा, पण सीसी-बीसी फार नको.” सीसी थोडे येणारच आहेत.

माझ्या पिढीला बीएसए म्हणजे सायकल. माझी शाळेतली सायकल बीएसए लेडीबर्ड होती, आणि त्या तीन अक्षरांचा अर्थ विचारावा असं मला कधी वाटलं नाही. मद्रासच्या टीआय सायकल्सने ते नाव आपल्याकडे इतकं रुजवलं, की ते मुळात बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स आहे, म्हणजे बंदुकांचा कारखाना आहे, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. वस्तादांना ते लहानपणापासून माहीत होतं. त्यांच्या गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक एम-२० उभी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करासाठी अशा सव्वा लाखावर गाड्या बनल्या. लष्कराच्या मोडीतून त्या जगभर पांगल्या, त्यातलीच ही एक. तिच्या इंजिनाला फिन आहेत, आणि त्या कामाच्या आहेत.

आर्मरी रोड

भाऊ कॉव्हेंट्रीला असतो. त्याच्याकडे गेले होते तेव्हा एक दिवस काढून बर्मिंगहॅमला मूर स्ट्रीटवरून गाडी बदलली आणि स्मॉल हीथ स्टेशनवर उतरले. उतरणारी मी एकटीच. ‘पीकी ब्लाइंडर्स’ बघितलेल्यांना स्मॉल हीथ हे नाव ओळखीचं असेल. त्या मालिकेची सुरुवातच बीएसएच्या कारखान्यातून चोरलेल्या बंदुकांवरून होते. प्रत्यक्षात आज तिथे कॉव्हेंट्री रोडवर हलाल मटणाची दुकानं आहेत, मिठाईवाले आहेत, सलवार-कमीजचं कापड टांगलेलं आहे. पावसाची भुरभुर सोडली तर भिवंडीच्या एखाद्या रस्त्यावर आल्यासारखं वाटलं.

आर्मरी रोड स्टेशनला लागूनच आहे. १८६१ साली बर्मिंगहॅमच्या बंदूक कारागिरांनी एकत्र येऊन कंपनी काढली. सरकारने लंडनजवळ एनफील्डला यंत्रावर रायफली बनवायला सुरुवात केली होती आणि हाताने काम करणाऱ्यांचं पोट त्यामुळे धोक्यात आलं होतं. पुढे याच एनफील्डच्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या रेडिचच्या एका कंपनीने आपल्या सायकलींना रॉयल एनफील्ड नाव दिलं. म्हणजे आपली बुलेट आणि ही बीएसए, दोघींचं मूळ रायफलीतच. बीएसएचं चिन्ह तर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका.

बंदुकांना मागणी नसली की यंत्रं रिकामी बसतात. म्हणून सायकली आल्या आणि १९१० मध्ये मोटारसायकल. १९ नोव्हेंबर १९४०च्या रात्री या कारखान्यावर बॉम्ब पडले. रात्रपाळीचे ५३ कामगार गेले. त्यानंतर दहा-बारा वर्षांतच बीएसए ही जगातली सर्वात मोठी मोटारसायकल कंपनी झाली होती, १९५१ मध्ये तिने ट्रायम्फसुद्धा विकत घेतली.

तो अवाढव्य कारखाना आता नाही. सत्तरच्या दशकात बंद पडला आणि पाडला. मी गेले तेव्हा शेड होत्या, कुंपणं होती, मागे कालवा होता. गंमत म्हणजे मोटारसायकली गेल्या तरी बंदुका मागे राहिल्या. बीएसए गन्स हा छर्ऱ्याच्या बंदुकांचा व्यवसाय १९८६ साली गामो या स्पॅनिश कंपनीने घेतला. एका नावाचे असे वाटे पडले. सायकल मद्रासला, बंदूक स्पेनकडे, आणि मोटारसायकल कितीतरी वर्षं नुसती कागदावर.

सोन्याचा तारा

गोल्ड स्टार हे नाव जाहिरात खात्यात सुचलेलं नाही. इंग्लंडमध्ये सरे परगण्यात ब्रुकलँड्स म्हणून काँक्रीटचा उतरता ट्रॅक होता, कढईच्या काठासारखा. तिथल्या शर्यतीत ताशी १०० मैलांच्या वर, म्हणजे १६१ किलोमीटरच्या वर फेरी मारणाऱ्याला क्लबकडून छातीवर लावायला सोन्याच्या ताऱ्याची छोटी पिन मिळे. जून १९३७ मध्ये वॉल हँडली हा बर्मिंगहॅमचाच स्वार, मोटारसायकल शर्यतींतून निवृत्त झालेला, बीएसएच्या आग्रहाखातर एम्पायर स्टारवर बसला. १०७ मैलांच्या वर फेरी काढून पिन घेऊन आला. पुढच्या वर्षी कंपनीने त्या नावाचं मॉडेलच बाजारात आणलं. हँडली १९४१ मध्ये युद्धकाळात विमान अपघातात गेला.

संग्रहालयात उभी असलेली गोल्ड स्टार बहुतेकदा डीबीडी ३४ असते, १९५६ नंतरची. बर्मिंगहॅमच्या बाहेर सोलिहलजवळ नॅशनल मोटारसायकल म्युझियम आहे, हजारभर ब्रिटिश गाड्यांचं. २००३च्या सप्टेंबरात तिथे आग लागली, शेकडो गाड्या जळाल्या, आणि त्यांतल्या कित्येक पुन्हा उभ्या केल्या गेल्या. ‘परत आलेले’ म्हणायचं तर यांनाच म्हणावं.

त्या डीबीडीपुढे मी बराच वेळ उभी होते. एकच सिलिंडर, ४९९ सीसी, आणि त्याच्यावर फिनांचा केवढा तो चौकोनी डोलारा. बाजूला अमल जीपी कार्बोरेटर, तोंड उघडं, फिल्टर नाही. या कार्बोरेटरला आयडलिंगची सोयच नव्हती. सिग्नलला थांबलं की एक्सेलरेटर सतत पिळत राहायचं, नाहीतर गाडी बंद. पहिला गिअर एवढा लांब, की ताशी ९०-९५ किलोमीटरपर्यंत तो बदलायची गरज नाही. निघताना मात्र क्लच घसरवत न्यायचा. प्रत्येक इंजिन कारखान्यात ब्रेकवर चालवून त्याची ताकद मोजत आणि तो कागद गिऱ्हाइकाला देत. १९५६ मध्ये आइल ऑफ मॅनच्या क्लबमन टीटीत बर्नार्ड कॉडने ज्युनियर आणि सीनियर दोन्ही शर्यती गोल्ड स्टारवरच जिंकल्या.

एवढं सविस्तर सांगितलं, कारण माझा सगळा मुद्दा इथेच आहे. ही गाडी तिच्या काळात जुनाट वळणाची नव्हती. आपल्या सामर्थ्याच्या शेवटच्या टोकापर्यंत ताणलेली, सोयीकडे ढुंकून न बघणारी ती एक आताची गाडी होती. तिला कुणी आजोबांच्या आठवणीसाठी घेत नसे.

मग जपानी आले. हे इतक्या वेळा सांगून झालंय की मी थोडक्यात आवरते. छोट्या गाड्या त्यांना करू द्या, आपण मोठ्या करू, असं म्हणत इंग्रज एकेक पायरी मागे सरकत गेले. १९६९ मध्ये होंडाची चार सिलिंडरची सीबी ७५० आली, बटणावर सुरू होणारी, पुढे डिस्क ब्रेक असलेली, तेल न गळणारी. मागे सरकायला मग जागा उरली नाही. १९७५ मध्ये बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपने ब्रिटिश सरकारला दिलेला अहवाल हीच माघार दाखवतो. अजून तो एमबीएच्या वर्गात शिकवतात. तोवर बीएसए संपली होती.

नाव घेणं

मेलेली कंपनी विकत घेतात म्हणजे नेमकं काय घेतात? कारखाना नसतो. कामगार पांगलेले असतात, साचे भंगारात गेलेले. उरतात ट्रेडमार्कचे कागद आणि लोकांच्या डोक्यात राहिलेलं काहीतरी. पैसे त्या काहीतरीचे.

ट्रायम्फचं नाव १९८३ मध्ये जॉन ब्लूर यांनी घेतलं. गवंडीकामात गिलाव्यापासून सुरुवात करून मोठा झालेला हा बिल्डर. मेरिडेनच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर पुढे घरं झाली, तिथल्या एका गल्लीचं नाव बॉनव्हिल क्लोज आहे. ब्लूर यांनी हिंकलीला नवा कारखाना बांधला, कुणाला फारसं न सांगता. १९९०-९१ मध्ये बाहेर आलेल्या गाड्या पूर्णपणे आधुनिक होत्या, तीन आणि चार सिलिंडरच्या, जपान्यांना तोंड देणाऱ्या. जुन्या वळणाची बॉनव्हिल त्यांनी २००१ साली काढली. म्हणजे आधी दहा वर्षं गाड्या बनवून दाखवल्या, मग आठवणीला हात घातला.

नॉर्टन २०२० मध्ये आपल्या टीव्हीएसने १६ दशलक्ष पौंडांना घेतली. रॉयल एनफील्डला यात धरू नये. रेडिच बंद पडलं तेव्हा मद्रासमध्ये बुलेट बनतच होती, ती मेलीच नव्हती.

बीएसएचं नाव २०१६ मध्ये मुंबईच्या क्लासिक लेजेंड्सने घेतलं. महिंद्रांचा मोठा वाटा, सोबत गुंतवणूकदार अनुपम थरेजा आणि बिल्डर बोमन इराणी. किंमत ३४ लाख पौंड, तेव्हाचे साधारण २८ कोटी रुपये. मुंबईत मोक्याच्या जागी एखादा बंगला यात येईल की नाही सांगता येत नाही. बोमन इराणींचे वडील म्हैसूरच्या आयडियल जावाचे. ज्या येझदीवर आपल्याकडची एक अख्खी पिढी दूध, भाजी आणि बायको-मुलं घेऊन फिरली, तिच्या घरातले. याच कंपनीने २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी परत आणली.

ब्लूर यांच्या उलट बीएसएने सुरुवातच आठवणीपासून केली. नवी गोल्ड स्टार डिसेंबर २०२१ मध्ये बर्मिंगहॅमच्या एनईसी प्रदर्शनात दाखवली. हे प्रदर्शन केंद्र आणि ते जळून उभं राहिलेलं म्युझियम यांच्यामध्ये जेमतेम एक हमरस्ता आहे. गाडी विकायला आधी काढली इंग्लंडमध्ये, २०२२ साली साडेसहा हजार पौंडांना. आपल्याकडे आली १५ ऑगस्ट २०२४ रोजी, सुमारे तीन लाखांपासून. ब्रिटिश गाडीच्या मुहूर्तासाठी नेमका तो दिवस कुणी निवडला त्याला मनापासून नमस्कार. गाडी बनते मध्य प्रदेशात, पिथमपूरला.

लपवाछपवी

अशी गाडी बनवणाऱ्यांचं निम्मं काम लपवण्याचं असतं. प्रदूषणाचे नियम, एबीएस, इंजेक्शन, सेन्सर, वायरींचे जुडगे, यातलं काहीही १९५६च्या गोल्ड स्टारला नव्हतं आणि आज टाळता येत नाही.

या कलेतले वस्ताद ट्रायम्फवाले. त्यांच्या बॉनव्हिलवर दोन्ही बाजूंना अमल कार्बोरेटर दिसतात. ते कार्बोरेटर नाहीत, इंजेक्शनच्या थ्रॉटल बॉडीला चढवलेला मुखवटा आहे. त्याहून कमाल सायलेन्सरच्या नळीची. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा डबा इंजिनाच्या पोटाखाली असतो. धूर नळीतून आत शिरतो, डब्यात फिरून येतो आणि पुन्हा नळीत येतो. पण बाहेरून बघणाऱ्याला नळी पुढून मागे एकसंध, सरळ गेलेली दिसते, कारण नळीवर दुसरी नळी चढवलेली असते. मी एकदा जमिनीवर झोपून ते बघितलं. लग्नाच्या मांडवात पडद्यामागे आचारी राबत असतात, त्याची आठवण झाली.

गोल्ड स्टारच्या इंजिनाचं मूळ ऑस्ट्रियात आहे. रोटॅक्सचं हे ६५२ सीसीचं सिंगल पूर्वी बीएमडब्ल्यूच्या एफ ६५० घराण्यात होतं. त्यावर नवं काम करून घेऊन, वरून फिनांचा पेहराव चढवून ते इथे बसवलं. बीएसएच्या इंजिनाला ऑस्ट्रियन रक्त, म्हणून नाक मुरडणारे भेटतात. त्यांना बँटमची आठवण करून द्यावी. १९४८ पासून लाखांनी खपलेली, पोस्टाची तारवाली पोरं जिच्यावर इंग्लंडभर फिरली ती बीएसए बँटम म्हणजे जर्मन डीकेडब्ल्यूचा आराखडा होता, युद्ध जिंकल्यावर भरपाई म्हणून उचलून आणलेला. घराण्याची शुद्धता मूळ घराण्यालाही कधी परवडली नव्हती.

आकडे बाजूला ठेवायचे म्हटलं तरी एक जोडी इथे मांडते. जुन्या गोल्ड स्टारचा बोअर ८५ मिलिमीटर, स्ट्रोक ८८. नवीचा १०० आणि ८३. सिलिंडर रुंद झाला, पिस्टनचा प्रवास आखूड झाला. आणि ताकद? जुनीची सुमारे ४२ अश्वशक्ती, नवीची ४५. साठ-पासष्ट वर्षं आणि दीडशे सीसी जास्त, तरी जवळपास तेवढीच! यात अडाणीपणा नाही. युरोपात तरुणांना मिळणाऱ्या ए-टू परवान्यावर ३५ किलोवॅटच्या आतली गाडी चालते, आणि ही बरोबर आत बसते. जुनीने तेवढी ताकद जिवाचा आटापिटा करून काढली होती. नवी आरामात काढते, पोटभर जेवून सुपारी कातरत बसल्यासारखी.

म्हणून मला ही गोल्ड स्टारची वारस वाटत नाही. वाईट गाडी म्हणून नव्हे. दिवे घाट चढताना मी ती चालवली. चौथ्या गिअरमध्ये, इंजिन घाईला न येता, मागून कुणी तळहाताने ढकलावं तशी ती वर गेली, आणि सासवडपर्यंत जाऊन परत यावंसं वाटलं नाही. पण हा गुण एम-२०चा आहे, साध्या कामकरी बीएसएचा. नाव लावलंय पैलवानाचं आणि स्वभाव उतरलाय घरातल्या शांत काकांचा.

चाकण

याच कथेचं दुसरं टोक माझ्या घरापासून तासाभरावर आहे, रहदारी नसेल तर. तळेगाव-चाकण रस्त्यावर रहदारी नसते असं कधी होत नाही. कंटेनर, कंपन्यांच्या बस, पाळी सुटलेल्या पोरांच्या दुचाकी, आणि मध्येच उसाचा ट्रॅक्टर. याच चाकणला बजाजच्या कारखान्यात ट्रायम्फच्या ३९८ सीसीच्या गाड्या बनतात. २०२० मध्ये करार झाला, एकमेकांचे शेअर न घेता. आखणी हिंकलीची, बांधणी इथली. जून २०२३ मध्ये लंडनला गाडी दाखवली आणि आठवड्याभरात स्पीड ४०० आपल्याकडे २ लाख ३३ हजारांना आली.

पाळी सुटायच्या वेळी एका चहाच्या टपरीवर दोन पोरं भेटली. एक लातूरकडचा, एक जुन्नरचा. दोघेही लाइनवर, कुठल्या ते सांगायला तयार नव्हते आणि मीही खोदलं नाही. ट्रायम्फचा इतिहास माहितीये का, विचारलं. जुन्नरचा म्हणाला, “ताई, आम्हाला टॉर्क माहितीये. कुठला बोल्ट किती आवळायचा ते. कमी झाला तर मशीनच पुढे जाऊ देत नाही.” मेरिडेनमध्ये १९७३ ला कारखाना बंद होऊ नये म्हणून कामगार आत ठाण मांडून बसले होते, दीड वर्ष, आणि मग सहकारी तत्त्वावर तो त्यांनीच चालवला, हे मी सांगितलं. लातूरकडच्याला ते आवडलं. “कायम होते का ते?” त्याने विचारलं.

सप्टेंबर २०२५ पासून आपल्याकडे ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के आणि त्याखालच्यांवर १८ टक्के झाला. जुन्या नावांचं भवितव्य आता या रेषेवर ठरायचं. बीएसएने त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बँटम परत आणली ती जावाच्या घरातल्या ३३४ सीसीच्या इंजिनावर. जुनी बँटम १२५ची होती.

पुन्हा नाना पेठ

दिवे घाटातून परतले तेव्हा वस्तादांनी ताडपत्री काढली होती. गोल्ड स्टारवाल्या मुलाला एम-२० सुरू झालेली ऐकायची होती.

आधी पेट्रोलचा कॉक. मग कार्बोरेटरवरची बारीक घुंडी दाबून धरली, पेट्रोल बोटावर ओघळेपर्यंत. डाव्या हँडलवरची खिटी मागे ओढून ठिणगीचं टायमिंग उशिरावर आणलं. “हे विसरला तर किक उलटी येते, घोटा जातो,” ते म्हणाले. किक सावकाश दाबत गेले, एका जागी ती अडली. तिथे व्हॉल्व्ह उचलायची छोटी खिटी दाबून किक केसभर पुढे नेली, खिटी सोडली, किक वर आणली. सत्तरीचा माणूस पायावर उभा राहिला आणि सगळं वजन खाली सोडलं. काही नाही. पुन्हा तोच क्रम, घुंडी, खिटी, अडणं, केसभर. तिसऱ्या किकला गाडीने एक उचकी दिली आणि मग धप्, धप्, धप्, इतकी सावकाश, की दोन ठोक्यांच्या मध्ये बोळातलं कुत्रं भुंकलेलं स्वच्छ ऐकू आलं.

मुलाने मोबाइलवर सगळं टिपलं. मग त्याने आपल्या गाडीचं बटण दाबलं. ती लगेच सुरू झाली. दोन बीएसए शेजारी-शेजारी धडधडत होत्या, आणि खरं सांगायचं तर आवाजात फार भांडण नव्हतं. वस्ताद मान तिरकी करून दोन्ही ऐकत राहिले.

एम-२० बंद करून त्यांनी कापडाच्या गुंडाळीतले पाने गोळा केले. हे व्हिटवर्थचे, इंग्रजी मापाचे. त्यांच्यावर आकडा असतो तो बोल्टच्या जाडीचा, डोक्याच्या मापाचा नव्हे, म्हणून नवीन पोरांच्या हातात दिले तर गोंधळतात. गुंडाळी बांधून त्यांनी फळीवर ठेवली. मग रोजच्या डब्यातला दहा-अकराचा पाना काढला आणि नव्या गोल्ड स्टारजवळ येऊन बसले.

“वस्ताद, नको,” मुलगा घाईने म्हणाला, “वॉरंटी जाईल.”

“बरं,” वस्ताद म्हणाले. पाना खिशात टाकला, खांद्यावरचं फडकं काढलं आणि सकाळी फिनांवर उमटलेले आपल्या बोटांचे ग्रीसचे डाग एकेक करून पुसले.